तिसरा हात

"बाई नको म्हटलं ना," बाबामियाँ म्हणाला. "बैलाच्या पुस्तकावर बाई कशाला? बैलाच्या डोक्याला तेल लावायचंय व्हय?"

महांतप्पाने केशतेलाच्या जाहिरातीतल्या बाईचा ठसा खोक्यात टाकला. त्याचा सोलापुरात छापखाना होता. लग्नपत्रिका, पावत्या, नाटकांच्या जाहिराती असलं काहीबाही तो छापायचा. गिऱ्हाईक मागेल ते न देता आपल्या खोक्यात पडलेलं त्याच्या गळ्यात मारण्यात त्याचा हात धरणारा त्या पेठेत कुणी नव्हता. त्याने दुसरा ठसा काढला, त्यावर शाई फिरवली आणि रद्दी कागदावर उमटवून बाबामियाँपुढे धरला.

"ही बघा गाय. वासरू बी हाय संगट."

"मला गाय नको, बैल बी नको. हात पाहिजेत. एक रुमाल, त्याची एक कड उचललेली, अन् खाली तीन हात."

"गाय काय वाईट हाय ओ मियाँ? लोक बैलच समजतील. खाली वाकून कोण बघतंय?"

अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस कोपऱ्यात फिस्सकन हसला. नळदुर्गाहून, पेट्रोल मिळत नाही म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसून, धूर खात, हाडं खिळखिळी करून बाबामियाँ आला होता. त्याने उपरण्याखालचा उजवा हात काढून टेबलावर आपटला, आणि हसणाऱ्याचं हसू तिथंच विरलं. त्या हाताला करंगळी नव्हती, शेजारचं बोटही नव्हतं. अंगठा आणि दोन बोटं, बाकी नुसती ताणून शिवलेली कातडी.

महांतप्पाने नजर कागदाकडे वळवली आणि आवाज जरा उतरवला. "तसलं चित्र काढायला चित्रकार बघावा लागतंय. मग पुण्याहून ठसा करून आणायचा. तर जस्त सगळं लढाईवर गेलंय. शिमग्यापर्यंत बी यायचं न्हाय."

"मला पौषातल्या जत्रेला पुस्तक पाहिजे."

"मग माझ्या खोक्यातलं घ्या."

चित्राचं तिथंच अडलं. मग अक्षरांवरून जुंपली. बाबामियाँला अक्षर हवं होतं शाळेत मास्तर पाटीवर काढतो तेवढं, कारण त्याचं गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी; त्यातला एखादाच शिकलेला आणि तोही बोट ठेवून वाचणारा. महांतप्पा म्हणे, लढाईमुळे कागद मोजून मिळतो, बत्तीस पानांच्या पुढे एक पान देणार नाही, आणि एवढा मोठा खिळा लावला तर निम्मं पुस्तक बाहेर राहील. बारीक खिळा घेतला तर सगळं बसेल.

बाबामियाँने आपल्या वहीची पानं उलटली. त्याने दातांवरून बैलाचं वय लिहिलं होतं, तासलेली शिंगं कशी ओळखायची ते लिहिलं होतं, अंगावरचे भोवरे लिहिले होते, भरपेट पाणी पाजून फुगवलेलं जनावर लिहिलं होतं. तीस वर्षांच्या धंद्याचं सार होतं ते.

"दातांचं काढा," तो म्हणाला. "शिंगांचं काढा. भोवऱ्यांचं बी काढून टाका. तिसऱ्या हाताचं तेवढं ठेवा, अन् खिळा मोठा लावा."

"आन् नाव कुणाचं घालू?"

चित्र आणि नाव दोन्ही आठवड्यात सांगतो म्हणून बाबामियाँ उठला.

आता हा तिसरा हात काय प्रकार, ते सांगायला हवं. बैलबाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. दलाल रुमाल पसरतो, त्याच्याखाली विकणाऱ्याचा हात धरतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. मग तोच रुमाल घेऊन घेणाऱ्याकडे जातो आणि त्याची बोटं दाबतो. विकणाऱ्याला किती सांगितलं ते घेणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्याने किती कबूल केलं ते विकणाऱ्याला कळत नाही. मधली फट दलालाची. रुमालाखाली एका वेळी दोनच हात जायचे, हा बापजाद्यांचा रिवाज. बाबामियाँच्या पुस्तकाचं म्हणणं एवढंच की दलालाचा हात घेणाऱ्याच्या हातात असताना विकणाऱ्याने आपला हात मध्ये घालावा. त्याला कुठलाही कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती नुसती भीड.

हे त्याने पुण्य जोडायला लिहिलं असं मात्र कुणी समजू नये. तीस वर्षं त्याच फटीतलं त्याने खाल्लं होतं आणि ढेकरही दिला नव्हता. त्याच्या पोटात आग होती, आणि त्या आगीचं नाव होतं व्यंकट.

व्यंकट आणि तो एका रुमालाचे दलाल; एकाने विकणाऱ्याकडून आकडा आणून दुसऱ्याच्या बोटांवर दाबायचा, दुसऱ्याने तो घेणाऱ्याकडे न्यायचा. नळदुर्गाच्या बाजारात एकाच लिंबाखाली दोघांनी मिशा पांढऱ्या केल्या. ईद असली की व्यंकट शिरखुर्मा प्यायला येणार, आणि व्यंकटच्या घरी पुरण शिजलं की त्याची बायको गजराबाई बाबामियाँच्या बायकोला, हसीनाबीला, वाटी पाठवणार. तीन वर्षांपूर्वी उमरग्याच्या बाजारात एका उधळ्या खोंडाचा कासरा बाबामियाँने हाताला गुंडाळून घेतला. गुंडाळू नये हे तो पोराटोरांना शिकवायचा, पण ऐटीत विसरला. खोंडाने हिसका दिला आणि दोन बोटं कासऱ्याबरोबर गेली. रक्त थांबवायला व्यंकटनेच आपला सौद्याचा रुमाल फाडून बांधला होता. खोटं कशाला बोला?

पण जखम भरून बाबामियाँ बाजारात परत आला, रोजच्या जागी बसला आणि त्याने रुमालाखाली हात घातला, तेव्हा व्यंकटने तो चाचपला आणि आपला हात बाहेर काढून घेतला.

"बाबा, मी चार कुठं दाबू? पाच कुठं दाबू?"

बाबामियाँने डावा हात पुढे केला.

"डाव्या हातानं सौदा? लक्ष्मी पाठ फिरवंल," व्यंकट म्हणाला. लिंबाखालचे बाकीचे दलाल हसले. व्यंकट हसला नाही, पण त्याने त्यांना गप्पही केलं नाही. त्या दिवसापासून बाजारात बाबामियाँचा थोटा झाला. तो दुसऱ्यांची जनावरं धरायला लागला, पाण्यावर न्यायला लागला. हसीनाबी लोकांच्या वाकळा शिवायला लागली. तीन वर्षांत त्याचा हात कुणी हातात घेतला नाही. त्याला पैशापेक्षा हे जास्त लागलं होतं, आणि ते सांगणार कुणाला?

सोलापुराहून आल्यावर दोन दिवसांनी व्यंकट घरी आला. पुस्तकाची बातमी त्याला लागणारच होती, कारण बाबामियाँने स्वतःच चहाच्या हॉटेलात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की कव्हरावर रुमाल आणि तीन हात काढून जत्रेत तुमच्या रुमालाला आग लावतो. व्यंकट बाजेवर बसला. हसीनाबीने दाराआडून चहा सरकवला.

"वहिनी, साखर जास्त घातली," व्यंकट म्हणाला. तीन वर्षांत उंबरा न चढलेला माणूस काल उठून गेल्यासारखा बोलत होता. मग तो बाबामियाँकडे वळला. "लिंबाखाली येऊन बस. वाटणी पहिल्यासारखी, निम्मी."

हेच तर बाबामियाँला हवं होतं. ह्याच्यासाठी तो तीन वर्षं रात्री दात खात पडला होता. "अन् सौदा?" त्याने विचारलं.

"सौदा मी करतो. तू नुसता रुमाल धर."

"खुंटी म्हणून?"

"मग थोट्यानं आणखी काय धरायचं?" व्यंकट म्हणाला आणि शब्द तोंडातून गेल्यावर चहाच्या बशीत बघत राहिला.

"चहा पी अन् ऊठ."

व्यंकटने बशी खाली ठेवली. आता त्याचा चेहरा बाजारातला झाला. "ऐक, बाबा. झाकली मूठ सव्वा लाखाची असती. तुला लिहायचं तर लिही. शंभरात एक वाचंल अन् तो बी इसरंल. पण तू त्या कव्हरावर रुमाल अन् हात काढायला निघालास, ते मी चालू द्यायचा न्हाय. चित्र आंधळा सोडून समद्यांना वाचता येतं. अन् तुझं नाव त्याच्यावर दिसलं, तर ह्या बाजारात तुझ्या हातात कुणी शेळीचं दावं बी देणार न्हाय. हे मी सांगतोय, दुसरं कुणी न्हाय."

"तू सांगतोस म्हणूनच छापणार."

व्यंकट गेला. हसीनाबी बाहेर आली आणि उष्टी बशी उचलत म्हणाली, "बैठ जाना था. रुमाल पकड के बी रोटी हलाल की रहती. सुंभ जळला तरी पीळ जाईना तुमचा."

"खुंटी हो के बैठूँ?"

"फिर नाम तो मत डालो, जी. मुझे इसी गाँव में पानी भरना है."

ती बोलली ते खरं होतं आणि म्हणूनच त्याला तिचा राग आला. त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी उठून सोलापूरच्या मोटारीत बसला आणि मनात म्हणाला, नाव नाही तर नाही, पण हात उमटवल्याशिवाय राहत नाही.

महांतप्पाच्या खोक्यात तळाशी एक हाताचा ठसा होता. कुण्या ज्योतिषाने हस्तरेषांच्या पुस्तकासाठी करवून घेतलेला आणि न सोडवलेला. उभा पंजा, पाची बोटं सरळ. बाबामियाँने तो उचलून खिडकीशी नेला. अंगठा, चार बोटं, मोजायला सगळी जागच्या जागी. त्या बोटांकडे तो इतका वेळ बघत बसला की महांतप्पाने दोनदा खाकरून दाखवलं.

"हेच टाका," तो म्हणाला. "अन् बोटांवर आकडे घाला."

"आकड्यांना ठसा खोदावा लागंल. आकडे आत घालतो, पहिल्याच पानावर. कव्हराला कागद हिरवा हाय बघा. गुलाबी होता, तो नाटकवाल्यानं नेला."

"हिरवा तर हिरवा."

"आन् नाव?"

"घाला 'एक माहीतगार'."

महांतप्पा त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणणार होता. पण तो सोलापूरचा, नळदुर्गाच्या भानगडीशी त्याला काय करायचं होतं. त्याने हिरव्या कागदावर काळा पंजा छापला. आणि तीन बोटांच्या माणसाला त्या चित्रात फक्त पाच बोटं दिसली. जन्मापासून मोहरमातल्या सवारीच्या ज्या पंजापुढे त्याने मान लववली होती तो त्याला दिसलाच नाही. रागाने माणूस आंधळा होतो म्हणतात ते काही उगाच नाही.

त्या साली मोहरम आणि पौष एकाच चांदात आले होते.

गठ्ठे घेऊन परत येताना निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यावर मोटार थांबली. सोलापूरकडून येणाऱ्या छापील कागदावर सरकारची करडी नजर होती. त्यात काँग्रेसचं किंवा आर्यसमाजाचं काही निघालं तर माणूस आत जायचा. जमादाराने गठ्ठ्याला हात लावला. ही पुस्तकं वाचायला उस्मानाबादला गेली असती तर जत्रा हुकली असती आणि वर्ष वाया गेलं असतं.

"क्या है इसमें?"

"किताबाँ, साब."

जमादाराने दोरी सोडली. वरच्या पुस्तकावरचा हिरव्यातला पंजा बघितला आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने दोन्ही हातांनी पुस्तक उचलून डोळ्यांना लावलं. "सवारी की किताब है? मोहरम की?"

इथं बाबामियाँने खरं बोलायला हवं होतं. त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण मोटारीचा धूर निघत होता, मागे गाड्या खोळंबल्या होत्या आणि जत्रा तोंडावर आली होती.

"जी," तो म्हणाला.

जमादाराने आपल्यासाठी एक ठेवून घेतलं आणि बाकीचे गठ्ठे स्वतः बांधून दिले. मोटारीतली माणसं सरकून बसली आणि त्यांनी गठ्ठ्यांना पाय लागणार नाही अशी जागा केली. तरी बाबामियाँच्या ध्यानात आलं नाही. नाका सुटला ह्याच आनंदात तो होता.

जत्रा नळदुर्गाच्याच खंडोबाची. डोंगराच्या पायथ्याला माणूस, जनावर आणि भंडारा ह्यांचा एकच कालवा. मोहरमच्या सवाऱ्या पाण्यात थंड होऊन चार दिवससुद्धा झाले नव्हते. मोहरमात फकीर झालेल्यांच्या गळ्यातल्या हिरव्या नाड्या अजून उतरल्या नव्हत्या, आणि त्यातले निम्मे गळे मराठ्या-धनगरांचे होते. बैलबाजाराच्या तोंडाशीच बाबामियाँने पोतं अंथरलं आणि पुस्तकं मांडली.

पुस्तकं खपायला लागली. एक-दोन नव्हे, ढिगानं. म्हाताऱ्या आल्या, तरणे आले, लिहिता न येणारे आले. रोजच्या लिंबाखाली व्यंकट बसला होता, त्याच्याकडे बाबामियाँने मुद्दाम मान ताठ करून बघितलं. जळकोटकडचा एक धनगर आला, धुळाप्पा नावाचा. त्याने पुस्तक घेतलं, कपाळाला लावलं, त्यावर चिमूटभर भंडारा टाकला आणि पटक्यात खोचलं.

"आत वाच, दादा," बाबामियाँ म्हणाला. "गोऱ्हा इकायला आणलास न्हवं?"

"वाचायला कशाला पाहिजे? सवारीची पोथी घरात असली म्हंजी झालं. नाक्यावरच्या जमादारानं बी ठिवलीया म्हणं."

बाबामियाँने अवतीभवती नीट बघितलं. एक बाई लेकराच्या डोक्यावरून पुस्तक उतरवत होती. एकाने ते उदाच्या धुरावर धरलं होतं. कुणीही, अगदी एकानेही, ते उघडलं नव्हतं. थोबाडीत मारून घ्यावं असं नाक्यावरचं ते एक 'जी' त्याच्या पुढे चालत जत्रेत येऊन पोचलं होतं.

तेवढ्यात व्यंकट आला. तो वाकला, एक पुस्तक उचललं, लांबवर धरून बघितलं आणि डोळ्यांना लावलं.

"चांगलं चित्र निवडलंस, बाबा. आमच्या बाजूनं तुला नारळ द्यायला पाहिजे."

मग तो लिंबाखाली जाऊन बसला आणि त्याने रुमाल पसरला. पुढे धुळाप्पा उकिडवा बसला होता, पटक्यात पुस्तक तसंच. व्यंकटने त्याचा हात रुमालाखाली घेतला, सोडला, मग घेणाऱ्याचा घेतला. धुळाप्पा आपल्या गोऱ्ह्याकडे बघत शांत बसला होता. त्याला कळायला हवं होतं ते त्याच्या पटक्यात होतं, बत्तीस पानांत, पाटीएवढ्या अक्षरात. सौदा झाला. गोऱ्ह्याचं दावं दुसऱ्याच्या हातात गेलं.

बाबामियाँला ते सोसवलं नाही. तो धावत गेला आणि त्याने धुळाप्पाच्या पटक्यातलं पुस्तक ओढून काढलं. "ही पोथी न्हाय," तो ओरडला, आणि दोन बोटांत धरून हिरवं कव्हर टरकन फाडलं. "आत बघा. आत काय लिवलंय ते बघा."

पंजाचे दोन तुकडे मातीत पडले. मग पहिली लाथ कुणाची बसली ते त्याला कळलं नाही. हिरव्या नाड्यावाल्या एका मराठ्याने त्याची मानगूट धरली, मोमीनपुऱ्यातल्या दोघांनी त्याला खाली पाडलं. त्यातल्या एकाला तो लहानपणापासून ओळखत होता. पोत्यावरची पुस्तकं लोकांनी उचलून नेली, ती बेअदबी करणाऱ्याच्या हातात राहू नयेत म्हणून. मार त्याला कमीच वाटला, कारण माराआडून त्याला व्यंकटचा आवाज ऐकू आला.

"सोडा त्याला. थोटा झाल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. येडा हाय. येड्याला मारून काय मिळणार?"

लोकांनी सोडलं. त्या एका वाक्याने त्याचा जीव वाचला, आणि तीन वर्षांत एवढं काही त्याला लागलं नव्हतं.

घरी अजून एक गठ्ठा शिल्लक होता. पाठीला हळद लावून तो भिंतीकडे तोंड करून पडला, तेव्हा हसीनाबी त्या गठ्ठ्याजवळ बसली. सुईने टाके उसवून ती एकेक हिरवं कव्हर काढायला लागली. फाडलं नाही, चुरगाळलं नाही. सगळी कव्हरं पदरात घेऊन ती विहिरीवर गेली आणि सवाऱ्या थंड करतात तशी ती पाण्यात सोडून आली.

"अब क्या करूँ इनका?" उघड्या पडलेल्या पुस्तकांकडे हात करून तिने विचारलं.

"चूल पेटव."

"चूल्हे को लकड़ी बहुत है घर में," ती म्हणाली. तंबाखूच्या गठ्ठ्यावरचा जाड खाकी कागद तिने वाकळांच्या बुडाला घालायला साठवला होता. तो तिने पुस्तकाच्या मापाने कापायला घेतला. कापता कापता ती म्हणाली, "मार खाये तब सब देखे ना तुम्हारा मुँह? अब नाम छुपा के क्या फायदा?"

तो उठला, बैलगाडीच्या कण्याला लावायचं वंगण एका डबड्यात शेजारून मागून आणलं, त्यात उजवा पंजा बुडवला आणि खाकी कागदावर दाबला. अंगठा उमटला, दोन बोटं उमटली आणि त्यापुढे मोकळा कागद. बाजारात आंधळ्यालाही सांगता आलं असतं की हा कुणाचा हात आहे.

पुढच्या बाजाराला तो त्याच जागी जाऊन बसला. पोतं तेच, त्यावर खाकी कव्हरांची पुस्तकं, समोर वंगणाचं डबडं. येणारे-जाणारे लांबून वळसा घालून जात होते. एकजण त्याच्या बाजूला थुंकला. लिंबाखालून "येडा आला" असं कुणीतरी म्हणालं. दुपार टळेपर्यंत एकही पुस्तक गेलं नाही.

मग धुळाप्पा आला. ह्या खेपेला दुसरा गोऱ्हा दाव्याला होता, कारण जोडीतला एक गेल्यावर उरलेला काय कामाचा. त्याच्या तोंडावर राग होता.

"त्वा माझी पोथी फाडलीस," तो म्हणाला. "बाया म्हणत्यात, त्याच्यामुळंच घात झाला. माझा गोऱ्हा घेतला तो जेवळीचा हाय. त्यानं किती दिलं अन् माझ्या हातात किती पडलं, ते मला काल त्याच्या सालगड्याकडनं कळलं."

धुळाप्पाची नजर खाकी कागदावर गेली. त्याने खाली बसून आपला दांडगा पंजा त्या ठशावर ठेवून बघितला. त्याची दोन बोटं ठशाच्या बाहेर, कोऱ्या कागदावर राहिली.

"ह्यो पंजा न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय. हात हाय. माझा."

"अन् ही दोन बोटं?"

"उमरग्याला खोंडानं नेली. बाकीचं आत लिवलंय."

"मला वाचाया येत न्हाय."

"मग हिकडं आण हात."

धुळाप्पाने जरा बिचकत हात पुढे केला. बाबामियाँने तो आपल्या उजव्या हातात घेतला. तीन वर्षांनी कुणाचा तरी हात त्या तीन बोटांत आला होता. मग त्याने पहिला आकडा दाबला. रुमाल खांद्यावरच होता, तो त्याने घेतला नाही. भर उन्हात, सगळ्या बाजारादेखत, त्याने बोटं दाबून आकडे दाखवले, अन् आपल्याला नसलेल्या बोटांचे आकडे धुळाप्पाच्याच बोटांवर. शेवटी त्याने तिसरा हात कुठून घालायचा ते दाखवलं. दोघेचौघे थांबून बघायला लागले. त्यांना कुणी हाकललं नाही.

धुळाप्पा उठला आणि गोऱ्हा घेऊन लिंबाखाली गेला. व्यंकटने काहीच बघितलं नसल्यासारखा रुमाल पसरला. त्याने धुळाप्पाचा हात दाबला आणि सोडला. मग घेणाऱ्याचा हात धरला. तेव्हा धुळाप्पा पुढे सरकून बसला आणि त्याने आपला काळा, राठ हात बाजूने रुमालाखाली घातला.

रुमाल थोडा हलला. मग त्यातून व्यंकटचा हात बाहेर आला. रुमालाखाली दोन हात राहिले, एक घेणाऱ्याचा आणि एक विकणाऱ्याचा, आणि ते एकमेकांची बोटं चाचपत होते.

व्यंकटने हात धोतराला पुसला आणि मान वर करून बाबामियाँकडे बघितलं. बाबामियाँनेही नजर काढली नाही. त्या बघण्यात तीस वर्षांची ओळख होती आणि मायेचा थेंब नव्हता. मग बाबामियाँने डबड्यात हात बुडवला, पुढचा खाकी कागद मांडीवर ओढला आणि त्यावर आपला हात दाबून धरला.